जाळ्यांची खोली

बंदराकडे उतरताना, वेंगुर्ल्यात,
बर्फ-कारखान्याच्या मागे एक खोली आहे.
सोसायटीच्या कागदावर ती अजून गोदामच.
किल्ली माझ्याकडे, खिळ्याला, कॅलेंडरच्या मागे.
चिटणीस म्हणून माझं काम एवढंच होतं :
किती जाळी आली, किती गेली,
उंदरांनी किती खाल्ली.

त्या आषाढात उधाणानं सुरूच्या झाडांसकट
भगीरथ कुबलचं अर्धं घर नेलं.
उरलेलं अर्धं त्यानं दोन दिवस धरून ठेवलं,
तिसऱ्या दिवशी तेच त्याला धरेना.
बायको, दोन पोरी, शिलाई मशीन,
टोपलीखाली एक कोंबडी,
सगळी कारखान्याच्या वळचणीला येऊन उभी राहिली,
चुकून दुसऱ्याच्याच लग्नाला आल्यासारखी.

बंदीचे दिवस. खोली आढ्यापर्यंत जाळ्यांनी भरलेली.
बैठक बसली.
कोण म्हणालं, "आज एक इलो, उद्या धा येतले."
कोण म्हणालं, तहसीलदारांना अर्ज करू.
मी कागद काढला, वर तारीखही घातली.
तेवढ्यात दाराशी उभी द्वारकाबाय तांडेल,
पदराला कोयती पुसत :
"जाळी भिजली तर भिजांदेत.
ती भिजाकच असतत."

जाळी बाहेर आली.
पहिल्या रात्री पोरी नाक दाबून झोपल्या.
चौथ्या दिवशी म्हणाल्या, वास गेला.
वास गेला नव्हता.

मग चिरेखाणीवरचा यंकप्पा आला,
पाय चिऱ्याखाली सापडला तेव्हा
मुकादमानं झोपडीही काढून घेतलेली.
मग जैबुन, तान्ह्या पोराला घेऊन, रात्री दोनला.
मग इनास आल्मेडा, वय सत्तर, बाटली सुटेना.
तो आठ दिवस राहिला. नवव्या दिवशी नव्हता.
पोरं कुडाळ स्टेशनपर्यंत शोधून आली.
चादर मात्र त्यानं नीट घडी घालून ठेवलेली,
कोपऱ्याला कोपरा.
रजिस्टरात मी 'गेला' लिहिलं.
शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे.

त्या रात्री द्वारकाबाय म्हणाली,
"खोलयेत माणूस इलो
म्हणजे आमका उशीर झालो."

तेव्हापासून ती बाजारात ऐकत बसते.
घर एका रात्रीत जात नाही, म्हणते,
आधी ताटातून जातं.
सुरमई घेणारी बांगड्यावर येते,
बांगड्यावरची तारलीवर,
आणि एक दिवस, बुधवारी, म्हणते,
आज माझा सोमवार.

वायरमन गजा परुळेकर
मीटर कापायच्या आधी तिच्या पाटीशी थांबतो,
भाव विचारतो, घेत काही नाही.
तेवढ्यानं तिला गल्ली कळते.
पाटीमागे दहा रुपये पत्र्याच्या डब्यात पडतात,
त्यातून कुणाचं दोन महिन्यांचं भाडं,
कुणाची घरपट्टी, कुणाचं सिलिंडर.
शनिवारी भगीरथ चौघांना घेऊन कुणाची तरी कौलं परततो,
पेजेवर आणि सुक्या बांगड्यावर.
कुणाची, ते डब्याला माहीत. मला नाही.
माझ्या वहीत ह्यातलं काहीच नाही.

परवा गजा आमच्याकडे आला.
मीटर पाहिला, वही मिटली, बोलला काही नाही.
बोटीचे चार हप्ते थकलेत
हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

काल संध्याकाळी द्वारकाबाय आली.
हात धुतलेले, केसांत अबोली.
बसली. चहा प्याली. वर वाशांकडे पाहिलं.
मी विचारलं, काही काम होतं?
"काय नाय. हयसून जाय होतंय."
आमचं घर कुठल्याच वाटेवर नाही,
पुढे फक्त खाडी आहे.

ती गेल्यावर ओट्यावर पाहिलं :
केळीच्या पानात चार बांगडे.
बायकोनं विळी काढली,
माझ्याकडे पाठ करून बसली,
आणि मला कळलं,
बुधवारी बाजारात
कुणाचा सोमवार होता.