वजा दोनशे

आमच्या केंद्रातला वजनकाटा
रिकामा असतानाच दोनशे ग्रॅम दाखवतो.
पाळणा लटकतोय, पाळण्यात कोणी नाही,
तरी काटा कुणाला तरी तोलत बसलेला.
शून्यावर आणायचा स्क्रू केव्हाच घासून गेला.

हत्तुरे सिस्टर वजन सांगतात मोठ्यानं,
मग हळू आवाजात, "वजा दोनशे."
मी वजा करून रजिस्टरात लिहितो.
चार वर्षं झाली.
आता मंडईत टोमॅटो घेतानाही
मनातल्या मनात वजा होतं.

प्रस्ताव गेलाय.
आधी इंद्रभुवनाच्या जिन्यावरून वर, मग पुण्याला, मग मुंबईला,
तिथून परत: "नग नमूद नाही."
नग लिहिला. एक.
पुन्हा परत: "तीन दरपत्रके जोडावीत."
तिसऱ्यासाठी कन्ना चौकात
भर उन्हात दुकानदाराच्या विनवण्या केल्या.
तो म्हणाला, घ्यायचं नसतं
तर दर कशाला विचारता हो दरवर्षी?

निधी माणशी येतो म्हणे.
माणसं मोजली दोन हजार अकराला.
या पाळण्यात जी रडतात
त्यातलं एकही तेव्हा जन्मलं नव्हतं.

तरी यंदा आला.
एकतीस मार्च, दुपारी चार चाळीस.
खाली बारीक अक्षरात लेखाशीर्ष:
रंगरंगोटी व नामफलक.
मी दोनदा वाचलं. काटा त्यात बसेना.
बाराच्या आत खर्च, नाहीतर परत.

म्याकल पेंटर सापडला साडेसातला,
पूर्वी टॉकीजचे बोर्ड रंगवायचा.
बिल आधी केलं, रंग नंतर लागला
(हे मी कुठं बोललो नाही).
रात्रभर ट्यूबच्या उजेडात त्यानं भिंतीवर
एक आई काढली, नटीसारख्या भुवयांची,
मांडीवर पोर, दंडाला तीन वळ्या.
सकाळी सिस्टर बघत राहिल्या.
"याचं काही वजा करायला नको," म्हणाल्या.

एप्रिल. त्रेचाळीस.
विडी घरकुलातून येमुलांची बालामणी आली,
अकरा महिन्यांची नात कडेवर,
बोटांना तंबाखूचा वास.
सहा किलो दोनशे. तक्त्यावर पिवळा.
वजा दोनशे.
सहा.
तक्त्यावर लाल.

बालामणी बघत होती माझ्या पेनाकडं.
"पानं देताना ठेकेदाराचा काटा असाच," म्हणाली,
"आन् विड्या घेताना छाट काढतो, ते येगळंच.
तुमचा बी खोटं बोलूलालाय की ओ.
सरकारी हाय न्हवं?"
मी म्हणालो, प्रस्ताव गेलाय.
"कुठं?"
मी हातानं दाखवलं. हात
भिंतीवरच्या बाईकडं गेला.

नात पंढऱ्या कागदावर लाल झाली,
तिला पोषणाची पाकिटं मिळायची.
तेही मागवलंय.

संध्याकाळी उपयोगिता प्रमाणपत्र टाइप केलं.
"सदर निधी मंजूर प्रयोजनासाठीच पूर्णतः खर्च झाला."
खरंच होतं. एकही शब्द खोटा नव्हता.
सही केली, शिक्का मारला,
माझं तीन महिन्यांचं मानधन अजून आलं नाही
ते त्यात कुठं लिहायचं नसतं.

ओपीडी संपली होती, पंखा बंद.
काय वाटलं कोण जाणे,
काट्याच्या प्रस्तावाची अख्खी फाइल उचलली,
सुतळी बांधलेली, चार वर्षांची,
आणि पाळण्यात निजवली.
काटा हलला, थरथरला, थांबला.
दोन किलो सहाशे.

दारातून सिस्टर म्हणाल्या, "वजा दोनशे."
पर्स खांद्याला, निघता निघता थांबलेल्या.
"दोन चारशे. अडीचच्या खाली आहे.
जगेल. पण लक्ष ठेवावं लागेल."

मी रजिस्टर उघडलं.
तारीख लिहिली, वजन लिहिलं.
पुढचा रकाना आईच्या नावाचा.