चौथ्याची जागा

मनोरमा हिवाळेबाई भिंतीवर निळं फ्लॅनेल ताणायच्या,
चार खिळे, त्यातला एक कायम सैल,
आणि त्यावर चिकटवायच्या गोष्टी.
नोहाच्या तारवातला जिराफ, मान तुटलेला.
गल्याथ तर दर रविवारी
गोफण फिरायच्या आधीच घसरून खाली यायचा.
आम्ही हसायचो.
बाई म्हणायच्या, बघा, भ्यालाय.

भट्टीची गोष्ट आली की माणसं तीनच.
शद्रख, मेशख, अबेदनगो.
राजा डोकावतो, बोटं मोजतो,
टाकले तर तिघंच होते,
मग हा चौथा कोण फिरतोय जाळात?
आणि फ्लॅनेलवर चौथा नाहीच.
बोटाएवढी निळी जागा नुसती.
बाई, चौथा कुठाय?
पेटीतनं हरवलाय रे. सापडला तर आणून दे.

आता तेवीस वर्षं झाली, मी शिरोलीला फौंड्रीत भट्टीवर आहे.
राजानं म्हणे सातपट तापवली होती.
आमची रोज तापते, दोन पाळ्यांत,
पंपाच्या बॉड्या निघतात, ट्रॅक्टरचे हब निघतात,
कुणी राजा डोकावत नाही.
सुपरवायझर मोजतो, पण साचे.

त्या तिघांच्या कपड्यांना धुराचा वाससुद्धा नव्हता.
इथं माझं घोडं पेंड खातं.
ज्योत्स्ना शर्ट दोनदा उकळते,
तरी धाकटा गळ्यात पडला की म्हणतो,
पप्पा, तुला लोखंडाचा वास येतो.

मार्चमध्ये एक साचा ओला राहिला.
रस ओतला आणि उसळला.
आम्ही तिघंच होतो तिथं,
मी, दस्तगीर आणि तेलवेकर.
पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं.
दस्तगीरची शिवी. वाळू.
हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलेली रिक्षा,
आणि कुणाच्या तरी मांडीवर माझं डोकं.

सीपीआरच्या वॉर्डात रात्री जाग आली.
डावा हात कोपरापर्यंत माझा नव्हताच.
कॉटखाली पेपर अंथरून एक पोरगा बसलेला,
पंधरा दिवसांपूर्वी लागलेला, कंत्राटी, ओडिशाकडचा.
एक्स-रेच्या पाकिटानं मला वारा घालत होता.
त्याला मराठी येत नव्हती,
मला त्याचं नाव माहीत नव्हतं.
उजाडायला तो उठला, पहिली पाळी होती त्याची.
मी परत कामावर गेलो तोवर कंत्राटदार बदलला होता.
रजिस्टर बघितलं. नुसते अंगठे.

त्या रात्री चौथा वगैरे काही आठवला नाही, खोटं कशाला बोलू.
आठवलं ते त्या तिघांचं राजाला दिलेलं उत्तर.
आमचा देव सोडवील.
आणि नाही सोडवलं, तरी.
बाई या 'तरी'पाशी थांबायच्या
आणि तांब्यातलं पाणी प्यायच्या.
मला वाटायचं, तहान लागली असेल.

बाई गेल्यावर पेटी माझ्याकडं आली.
आता चर्चच्या मागच्या खोलीत, रविवारी नऊला,
मीच लावतो फ्लॅनेल, एका हातानं आणि दातांनी.
सैल खिळा तसाच आहे.
परवा भट्टीची गोष्ट होती.
तीन माणसं लावली आणि थांबलो.
आठ पोरं, आठ तोंडं.
काका, चौथा कुठाय?
मी म्हटलं, हरवलाय.

तबिथा उठली. पाच वर्षांची, नाक गळतंय.
पेटीत हात घातला, खूप वेळ चाचपलं,
आणि झावळ्यांच्या रविवारचं गाढव काढून
त्या निळ्या जागेत दाबून बसवलं.
पोरं फुटली हसून.
ती म्हणाली, तो चालून दमला असंल की.

मी काही बोललो नाही.
तांब्या उचलला, पाणी प्यालो.
गाढव घसरलं नाही.
जाताना मुद्दाम वळून बघितलं,
जाळात तिघं, आणि त्यांच्या शेजारी
ते लांब कानांचं,
कान शाबूत.