गाळ मोजताना

चेंदणीच्या धक्क्यावरून होडी सुटली
तेव्हा ओहोटी लागायची होती.
सुकाणूवर हिराजी नाखवा,
माझ्या मांडीवर महापालिकेचं रजिस्टर.
काम साधं : ओळंबा सोडायचा,
शिसं चिखलाला टेकलं की आकडा लिहायचा.
दोन दहा. एक ऐंशी. एक पासष्ट.
कोपरीच्या पुढं जेमतेम सव्वा.

इथं जहाजं उभी राहायची.
एकही खिळा न मारता काथ्यानं शिवलेली,
पोटात सुती ठाणं, मिरी, सागाचे ओंडके.
थंडीत जायची,
आणि वारा फिरला की घोडे घेऊन परतायची.
ज्यांची ती, ते लोक
धक्क्यावर पाच भाषांत भांडत
आणि एका तराजूपाशी गप्प होत.
वाऱ्याकडून उसनं घेत, व्याजासकट फेडत.

मग पैसा आला.
देवळांना खांब दिले, तळी खणली,
दगडावर कोरून घेतलं,
चंद्र-सूर्य असेतो हे असंच चालेल.
मोडेल त्याच्यासाठी खाली शिवी,
शिवीशेजारी गाढव.
राजाला धाक, चोराला धाक, भाऊबंदांना धाक.
गाळाचं नाव घालायचं तेवढं राहून गेलं.

लुटणारे आले, तसे गेलेही.
गाळ आला तो राहिला.
एका वर्षी जहाज हातभर लांब थांबलं.
हमालाला चार पावलं जास्त,
मजुरीत एक कवडी वाढली, इतकंच.
पुढल्या वर्षी आणखी हातभर.
'मोठ्या उधाणाला लागेल धक्क्याला,'
मुनीम म्हणाला असेल, आणि वही मिटली असेल.
थोरली पोरं दुसऱ्या बंदरात गेली,
धाकटी त्यांच्या मागोमाग.
शेवटचा व्यापारी कोण, ते कुणी लिहून ठेवलं नाही.
त्यालाही कळलं नसेल.
त्या दिवशी तो वखारीला कुलूप लावून
नेहमीसारखा जेवायला गेला असेल.

नमुन्याच्या डब्यात चिखलाबरोबर
एक खापरी वर आली.
एका अंगाला झिलई, मोरपंखी, अजून ओली चमक.
हिराजीनं ती गुडघ्यावर पुसली.
'बशी फुटली असंल कोनाची.'

मी विचारलं, 'नाखवा म्हणजे काय, ठाऊक आहे?'
'आडनाव.'
'जहाजाचा धनी. फारसीतून आलाय शब्द.'
त्यानं इंजिनाकडं पाहिलं,
दोरीनं बांधलेल्या त्याच्या झाकणाकडं,
जाळ्यात अडकलेल्या दुधाच्या पिशव्यांकडं.
'मंग जहाज नेलं कोनी?'
रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता.

पलीकडं ऐरोलीच्या काचांवर ऊन चढत होतं.
त्यातल्या सातव्या मजल्यावर त्याची सून, हर्षाली,
रात्रपाळीला कंटेनर मोजते :
मस्कत, बसरा, जेबेल अली.
'जहाज नाय बघितलं तिनं कवा.
टिंब असतंय म्हनं. टिंब थांबलं
की फोन लावायचा.'
हे सांगताना त्याची मान किंचित ताठ झाली.
खापरी त्यानं खिशात टाकली,
नातवाला खेळायला.

परतेपर्यंत पाणी उतरलं होतं.
होडी धक्क्याच्या अलीकडंच टेकली.
विजारी वर करून आम्ही चिखलात उतरलो.
रजिस्टर भिजू नये म्हणून
मी ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं
आणि चालता चालता पावलं मोजली.
चौदा.
ती कुठं लिहिली नाहीत.