गिरणीतला बोर्ड

या आठवड्यात थ्री फेज रात्री सव्वादहाला येते.
तेव्हा दळण येतं, आणि दळणाच्या डब्यावर
झाकणासारखा ठेवलेला फोन येतो.

बोर्ड एकच. पाच भोकांचा.
एक भोक मी पाचर ठोकून बंद केलंय, ते ठिणगी टाकायचं.
उरली चार, आणि गावात फोन किती!

पोर्णिमा लोनबलेची पिन बारीक, तिची वायर
मानेशी मोडलेली, जखमेला बांधावी तशी चिंधी बांधलेली.
मी म्हणते, चिंधीनं करंट अडत नाही गं, नवीन घे.
ती म्हणते, पुढच्या बाजाराले.
डोमाजी गेडाम जंगलपथकात.
वाघ दिसला की ग्रुपवर टाकायचं काम त्याचं.
त्याचा फोन मेला तर सकाळी
कोणत्या पांदीनं जायचं, कोण सांगणार?
म्हणून त्याचा नंबर पहिला. यावर भांडण नाही.

त्याच डोमाजीनं सिंदेवाहीच्या बाजारातून
साठ रुपयांचा चार्जर आणला.
मी हातावर घेतला. लाखोळीच्या रिकाम्या शेंगेएवढं वजन.
आत काही आहे का रे, म्हटलं.
तो हसला. चार रात्री चाललाही.

पाचव्या रात्री ज्वारी दळताना वेगळाच वास आला.
पिठाचा नाही, पट्ट्याचा नाही.
बघते तर फोनची पाठ तव्यावरल्या भाकरीसारखी वर आलेली.
आधी मेन बंद केला. गिरणी थांबली,
दगडाची घरघर कमी होत होत गेली
आणि सगळे एकदम गप्प.
सांडशीनं उचलून त्याला अंगणातल्या रेतीत ठेवला,
घरकुलाची उरलेली रेती, कधी नव्हे ती कामी आली.
आम्ही बाजेवर बसून लांबून बघत राहिलो,
मयताशेजारी बसतात तसे.
काही झालं नाही.
पहाटे तो नुसता फुगलेला आणि थंड होता.

मग प्रज्वलनं बुटीबोरीहून एसटीच्या कंडक्टरजवळ
एक चार्जर पाठवला. पांढरा, पेढ्याच्या डब्याएवढा जड.
त्यावर बारीक अक्षरात पाच, नऊ, अकरा व्होल्ट.
माझा फोन जुना, सहा वर्षांचा, नऊ टक्क्यांवर.
मी दोन दिवस तो डब्यातच ठेवला.
पोर्णिमाच्या फोनवरून त्याला विचारलं,
एवढा मोठा, माह्या फोनले झेपन का रे?

"माय, हा आधी इचारते.
पयले पाचच देते. फोननं मागतलं तरच वाढवते.
तुह्या फोनले मागताच येत नाई,
त्याले पाचच भेटन.
टाकी मोठी असली म्हणून तोटीतून पूर येते का?"

अन् डोमाजीचा?

"त्याले इचारता येत नाई, माय.
तो नुसता ढकलते."

त्या रात्री पदराला हात कोरडे केले आणि लावला.
दर दहा मिनिटांनी पाठीवर हात ठेवून बघत होते,
प्रज्वल लहान असताना
त्याच्या कपाळावर ठेवायचे तसा.
कोमट. तेवढाच. त्यापुढे नाही.

सासरी आले तेव्हा या गिरणीचा पट्टा
हातानं चढवायचा असे.
कोणी विचारलं नव्हतं किती झेपतं.
चढवला.
आज आठवलं, म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

आता कोणी फोन पुढे केला
की मी आधी चार्जर हातात घेते, वजन बघते,
मागचे आकडे वाचते, चष्मा लावून.
रात्रभर लावून जातो म्हणणाऱ्याला
उशीखाली नाही, पोत्यावर नाही,
या उघड्या फळीवर ठेव म्हणते.
लोक कुरकुरतात. मास्तरीण झाली म्हणतात.

सव्वासहाला फेज जाते.
चार फोन फळीवर, पिठाची पातळ साय धरलेले.
मी एकेक फुंकून देते.
डोमाजीचा नवा फोन पहिला.