मोजणी

सिनेमा संपला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही.
मी दिवे लावायला दोन मिनिटं उशीर केला,
मुद्दाम.
उजेडात एकमेकांची तोंडं बघायची
तर आधी ती पुसून घ्यावी लागतात.

हेल्लेसॉय बेटावर मच्छीमार संघाचा हॉल,
लाकडात मुरलेला कॉडचा वास,
त्रेचाळीस तिकिटं, आणि प्रोजेक्टरमागे मी.
बाहेर नोव्हेंबर. चारलाच काळोख पडलेला.
शेवटची फेरीबोट साडेनऊची.

बर्गनच्या कुणा मुलीने काढलेला सिनेमा.
पैसे नव्हते तिच्याकडे, ते दिसतं:
वादळ नुसतं ऐकू येतं.
गोष्ट एवढीच, की प्रार्थनाघरात
एका विधवेला उभं करतात,
विचारतात, तू अजून देव मानतेस का.
ती म्हणते, पोराचा एक बूट किनाऱ्याला लागला
त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही.
पण तो आहे.
नसता, तर अबोला कुणाशी धरला असता?

मग मंडळींचे हात वर होतात.
कॅमेरा हलत नाही.
किती वेळ हलत नाही.

रास्मुस तिथेच उठला, दार आपटून गेला,
आणि उरलेला सिनेमा त्याने खिडकीतून पाहिला,
बाहेर, थंडीत, आवाजाशिवाय.
काचेवर त्याच्या श्वासाचा ठिपका
मोठा व्हायचा, लहान व्हायचा.

कॉफीपाशी ओइव्हिन म्हणाला, वल्ही चुकीची धरलीत,
असं कुणी वल्हवत नाही.
मॅग्नहिल्ड म्हणाली, हॉल गारठलाय, हीटर बघ जरा.
नव्या पाद्रीबाई म्हणाल्या, यावर आपण बोलायला हवं,
आणि सगळे केककडे वळले.
आस्गाउट म्हणाला, आपल्यात असं नव्हतं कधी.
तीनदा म्हणाला.
तिसऱ्यांदा तर त्याच्या आसपास कुणीही नव्हतं.
शाळेतली एक पोरगी आईला विचारत राहिली,
पण तिने केलं काय होतं?
आई तिची लोकरीची टोपी
कानांवरून खाली, आणखी खाली ओढत होती.

मला कुणी विचारलं नाही मला काय वाटलं.
विचारलं असतं तर सांगितलं असतं
की उत्तरेच्या टोकाला एक घर होतं,
पडदे कायम ओढलेले.
आम्ही पोरं त्यावर दगड मारत नव्हतो, शपथेवर.
फक्त तिथून चालत कधी गेलो नाही.
पळायचो.

सगळे गेले. मी खुर्च्या मिटत आलो
तर तिसऱ्या रांगेत तोरबोर्ग, कोट घालून,
काठी मांडीवर आडवी.
नव्वदी ओलांडलेली बाई. मला वाटलं, डोळा लागला.
म्हणाली, तो हातांचा भाग परत लाव.

लावला.
विणताना टाके मोजावेत तशी
ती बोट हवेत टेकवत गेली, ओठ हलवत.
परत, म्हणाली.
मी परत लावला.
परत.

अकरा, म्हणाली शेवटी.
त्या मुलीला कळव. बारा होते.

मी म्हटलं, अहो, सिनेमा आहे तो,
इतकं मोजूनमापून नाही करत कुणी.

केलं होतं, ती म्हणाली.
मोजूनच केलं होतं.

मग हातमोजा चढवायला लागली.
डावा चढला.
उजव्याची बोटं जागेवर जाईनात.
मी पुढे झालो तशी मान हलवली, नको.
धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा झाला, एकदा.
तो मोजा तिने खिशातच कोंबला.

पडद्यावर चित्र थांबलेलं होतं तसंच.
उजेडाच्या झोतातून ती दाराकडे गेली, सावकाश,
आणि तिची सावली त्या सगळ्यांच्या मधून गेली,
काठीसकट.

नंतर मी हीटर बघितला.
चालू होता.
संध्याकाळपासून चालूच होता.