ओढ्याच्या अलीकडे

नकाशावर हिरव्या पेनानं एक रेघ आली
आणि पलूसच्या खालच्या अंगाला
बाभूळओढ्याला पहिल्यांदाच दोन काठ झाले.
अलीकडच्या द्राक्षांना नाव मिळणार.
पलीकडची नुसती द्राक्षं.

मी वाईनरीच्या प्रयोगशाळेतली.
काचेवर रसाचा एक थेंब, डोळा बारीक, आकडा.
साखर बावीसच्या खाली, तर क्रेट परत.
हे सोपं असतं. आकड्याला मामा-काका नसतो.

बाकीचे नियम भूपाल चौगुल्यांना वाचून दाखवले
बांधावर उकिडवं बसून:
एकरी चार टनांच्या वर माल नको.
मणी रंगावर आले की पाणी बंद.
हद्दीबाहेरचा एक मणीसुद्धा नाही.
"चार?" ते म्हणाले. "झाडावर तर सात हाय."
मग कात्री आणली.
दिवसभर हिरवे घड खाली पडत राहिले.
सुगलाबाई पाठ करून उभ्या.
"देणाऱ्यानं दिलं आन् कागदानं पाडलं,"
एवढं म्हणाल्या आणि घरी गेल्या.
संध्याकाळी शेरडं आली.
नियमाचं सोनं झालं ते त्यांच्यापुरतं.

अर्जात एक रकाना होता:
चवीचं वेगळेपण, शंभर शब्दांत.
समितीतल्या एका गृहस्थांनी पेला फिरवला.
जांभूळ, म्हणाले. मिरी. मागून ओल्या चामड्याचा गंध.
भूपाल चौगुले जैन. आयुष्यात थेंब जिभेला नाही.
चामडं ऐकून त्यांनी पायातली चप्पल
जरा मागं सारली.
"चव तुमी लिवा. माती मी सांगतो.
वर हातभर मुरूम, खाली चुनखडी.
येल तितं जाऊन अडती,
मग रागानं गोड हुती."
मी तसंच लिहिलं.
साहेबांनी 'रागानं' खोडलं.

फेब्रुवारी सरता सरता, पहाटे, ट्रॅक्टर.
ऐंशी क्रेट. साडेतेवीस. चोवीस. साडेतेवीस.
मी शिक्का उचलला.
"थांब. ह्यातल्या चौदा अक्काच्या हायत."

राजमती अक्का. तिचं रान पलीकडं,
ओढा कोरडा असला की वीस पावलं.
एकाच नर्सरीची काडी, एकाच दिवशी लावलेली,
फवारणीसुद्धा ह्यांच्याच पंपाची.
"आकडा बसतोय की," मी म्हणाले.
"बसतोय. पण रेघ मधी हाय."

यंत्राला हे कळलं नसतं.
काचेवर साखर दिसते, काठ दिसत नाही.
चौदा क्रेट उतरल्या, काट्यावर वेगळ्या चढल्या.
अक्का ट्रॉलीतच बसलेली, अडकित्ता हातात.
सुपारी कातरून झाल्यावर भावाला म्हणाली,
"रेघ मारायला आले तवा
च्या तूच दिलास न्हवं त्यास्नी?"

अलीकडचा रस टाकी तीनमध्ये, नावासकट.
पलीकडचा नऊमध्ये.
नऊवर खडूनं फक्त नऊ.

दीड वर्षानं ते बिलाच्या कामाला आले.
मी दोन पेले मांडले.
"मी पीत न्हाई."
"माहीत आहे. वास चालतो?"
बराच वेळ विचार केला त्यांनी.
"वासाला काय. रस्त्यानं जाता येतोच."
डोळे मिटले. पहिला. दुसरा. परत पहिला.
दुसऱ्याकडे बोट केलं: "ही अक्काची."

बरोबर होतं.
"कशावरून?"
"तिच्या कडंला करंज हायत. माझ्यात न्हाईत."

म्हणजे रेघ खरीच होती की काय,
का रेघेला करंज ठाऊकच नव्हते
आणि ती नुसती नेमकी तिथं पडली,
मला अजून सांगता येत नाही.
रकाने मी रोज भरते.
ह्याला रकाना नाही.

"चांगली कुठली?" मी विचारलं.
त्यांनी खिडकीतलं ऊन पाहिलं,
पेल्यांवर बशा झाकल्या,
आधी नऊच्या, मग तीनच्या,
आणि उठले.
दिवस बुडायच्या आत जेवायचं होतं त्यांना.