अपुऱ्या पत्त्याचा खण

माझं नाव प्रयाग.
प्रयाग मी पाहिलेलं नाही.
दोनशे अकरा शून्य शून्य एक, एवढंच ठाऊक,
आणि तो खण डाव्या हाताला, सगळ्यात वर,
जिथं पोचायला मला टाचा उचलाव्या लागायच्या.

परभणीला, स्टेशनाजवळच्या पत्र्याखाली
चौतीस वर्षं सॉर्टिंगला उभी होते.
सिक्कीमपासून कन्याकुमारी दीड हात,
मधे सुतळीचा गुंडा अन् चहाचा ग्लास.
कुणाचं पत्र कुठल्या लिपीत, मला काय कळणार?
तमिळ येत नाही.
पण सहा येतो.

मार्चअखेर सुटले.
शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
घरी येऊन खाटेवर नकाशा पसरला,
घड्यांवर फाटलेला; नागपूर तर घडीतच गेलंय.

दसऱ्यानंतर निघायचं.
सचखंडनं थेट एकात, अमृतसरला उतरायचं.
मग दोन: तिथं चार दिवस, नावापुरते.
मग आठ. मग सात,
ज्यात पूर्वेची सगळी भावंडं
एकाच पांघरुणात कोंबून निजवलीत.
तिथून समुद्र धरून खाली सहाला,
अन् पाचातून वर, हैदराबादेवरून घरी.
तीन कुठंच बसत नाही.
कसाही फिरवला तरी जैसलमेर बाजूलाच राहतं,
लग्नात जेवायचा राहून गेलेल्या पाहुण्यासारखं.

नऊला गाव नसतं.
नऊ म्हणजे फौजेचं टपाल.
जिंतूरची एक बाई दर महिन्याला शेंगदाण्याची चटणी पाठवायची,
कापडात शिवलेली, तेल बाहेर आलेलं.
कुठं जायची कोण जाणे.
नंतर नंतर येईनाशी झाली.
मी विचारलं नाही. विचारायचं कुणाला?

भाचा विश्वंभर मोबाईल पुढं करतो:
मावशी, इथं बोट ठेव, हे बघ लेह, बर्फ.
मी बोट ठेवते.
काच कोमट लागते.

गल्लीत एकच प्रश्न: सोबत कोण?
कोणी नाही म्हटलं की
लोक माझ्या मागं बघतात,
जणू ते कोणी तिथं उभं आहे.
नुसरतभाभी तेवढ्या म्हणाल्या,
"अकेली जाती? अच्छा है. कुलूप मोठं घ्या,
अन् चप्पल जुनीच न्या, नवी चावते."

वहीत खर्च मांडलाय.
स्लीपर, धर्मशाळा, गोळ्या बीपीच्या पंच्याण्णव.
धपाटे चार दिवस टिकतात;
पुढं जे मिळेल ते.
भाताचं मला भ्या वाटतं, खरं सांगते,
ज्वारीवाचून दोन महिने हे पोट काय म्हणेल.
अन् रात्री वरच्या बर्थवर चढताना गुडघा.
अन् एखाद्या गावी उतरून
तिथं उतरायचंच नव्हतं असं वाटलं तर.

आमच्या सॉर्टिंगच्या कपाटात
खाली उजवीकडं एक खण होता.
पिन नाही, जिल्हा नाही,
नुसतं "मारुतीच्या देवळामागं, काकूस मिळे".
सगळे तो वैतागून भरायचे.
मी जेवणाच्या सुट्टीत तोच उपसायचे,
शिक्का बघायचे, अक्षराचा वास घ्यायचे,
अन् अंदाजानं लावायचे कुठंतरी.
काही परत आली.
बरीच आली नाहीत.

तर वहीत मी अकरा दिवस कोरे सोडलेत.
सात अन् सहाच्या मधे.
विश्वंभर म्हणतो, मावशी, इथं बुकिंग नाही दिसत.
म्हटलं, राहू दे.

काल पन्नास पोस्टकार्डं आणली.
सगळ्यांवर आधीच पत्ता घालून ठेवला,
माझाच.
चारशे एकतीस चारशे एक.
हात आपोआप चालला,
अन् लिहायच्या बाजूला येऊन
थांबला.